तुमच्या गावच्या वाचनालयावर 'शासनमान्य' लिहिलंय? मग तिथं बोलकी पुस्तकं तयार होऊ शकतात

मे महिन्यात आम्ही घरचे सगळे भिलारला गेलो होतो. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्याजवळचं स्ट्रॉबेरीचं गाव. ४ मे २०१७ ला 'पुस्तकांचं गाव' म्हणून त्याचं उद्घाटन झालं. सुरुवातीलाच २५ ठिकाणी मिळून १५ हजारांच्या आसपास पुस्तकं ठेवली होती. कुणाच्या घरात, कुठं शाळेत, कुठं देवळात. जायचं, बसायचं, हवं ते पुस्तक काढून वाचायचं. पैसे कुणी मागत नाही.

सोबत आज्जी होती. आज्जी वाळवा तालुक्यातली, सातवी शिकलेली, आणि आमच्या घरात सगळ्यात जास्त वाचलेली बाई तीच. दिवाळी अंक सगळ्यात आधी तिच्या हातात जायचा. काचबिंदूनं तिची नजर हळूहळू गेली. आता उजेड-अंधार कळतो, अक्षर कळत नाही. भिलारमध्ये एका ओसरीवर ती व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' मांडीवर घेऊन बसली. पानं उलटली, वास घेतला आणि म्हणाली, "वाच की गं थोडं."

मी वाचलं. चौथ्या पानाला घसा बसला. आज्जी हसली. "दमलीस एवढ्यात? पुस्तक अजून पुरतं हाय की."

घरी आल्यावर मी शोधायला बसले, की पुस्तक डोळ्यांनी वाचता येत नाही अशा माणसानं आपल्या सातारा-सांगलीत काय करायचं? वाटलं होतं, उत्तर 'काही नाही' असंच येणार. तसं निघालं नाही. कायदा आहे, ऑनलाइन ग्रंथालय आहे, फोनमध्ये चालणारी पुस्तकं आहेत. इतकंच नाही, तर गावागावांतल्या वाचनालयांना अशी पुस्तकं स्वतः तयार करायचा अधिकार आहे, तोही २०१२ पासून. तो फारसा वापरात दिसत नाही, ही या गोष्टीतली खरी गंमत. किंवा दुःख.

बोलकं पुस्तक म्हणजे ऑडिओबुकच ना?

थोडं तसं, पण पूर्ण नाही.

ऑडिओबुक हा धंद्याचा माल आहे. स्टोरीटेलसारखी ॲप २०१७ पासून भारतात आहेत, मराठी पुस्तकंही भरपूर आहेत, आवाजही उत्तम. महिन्याचे पैसे भरायचे आणि त्यांनी निवडलेलं ऐकायचं. कादंबरीसाठी झकास. पण ज्याला स्पर्धा परीक्षेसाठी राज्यघटनेवरचं पुस्तक हवंय, शेतीचं हवंय, बीएच्या दुसऱ्या वर्षाचं हवंय, त्याचं काय? ती पुस्तकं कुणी स्टुडिओत बसून विकण्यासाठी वाचत नाही.

बोलकं पुस्तक हे छापील पुस्तकाची जागा घेण्यासाठी बनवलेलं असतं. त्यात पान नंबर असतात, तळटीप असते, तक्ता असेल तर तक्ता वाचलेला असतो, चित्र असेल तर चित्रात काय आहे ते सांगितलेलं असतं. ऐकणारा थेट सातव्या प्रकरणावर जाऊ शकतो, १४३ व्या पानावर जाऊ शकतो, खूण ठेवू शकतो. वर्गात सर म्हणाले 'पान ५२ काढा', तर त्यालाही पान ५२ काढता येतं. हा फरक वाचायला किरकोळ वाटतो, परीक्षेच्या आदल्या रात्री वाटत नाही.

याची सुरुवात साधारण १९३० च्या दशकात अमेरिका आणि इंग्लंडमध्ये झाली. पहिल्या महायुद्धात डोळे गेलेले सैनिक घरी परतले होते आणि त्यातल्या अनेकांना मोठ्या वयात ब्रेल जमत नव्हतं. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर १९३५ मध्ये ही सेवा सुरू झाली, तेव्हा पहिल्या पुस्तकांत ॲगाथा ख्रिस्तीची एक रहस्यकथा होती. पुस्तकं ग्रामोफोनच्या तबकड्यांवर असायची. एका बाजूला २५ मिनिटांच्या आसपास मजकूर मावायचा, त्यामुळं एक कादंबरी म्हणजे तबकड्यांचं खोकंच. मग कॅसेट आल्या. आपल्याकडं मुंबईच्या 'नॅब'नं, म्हणजे १९५२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधजन संघटनेनं, कॅसेटवर पुस्तकं वाचून घेऊन ती वाचकांपर्यंत पोचवायचं काम केलं.

कॅसेटची अडचण तुम्हाला आठवत असेल, तुमचं वय तेवढं असेल तर. मधलं काही शोधायचं म्हणजे फीत पुढं पळवायची, थांबवायची, ऐकायची, परत मागं. १९९६ मध्ये जगभरच्या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयांनी एकत्र येऊन यावर तोडगा काढायला घेतला. त्यातून जे ठरलं त्याला 'डेझी' म्हणतात. आवाज आणि पुस्तकाचा सांगाडा, म्हणजे प्रकरणं, उपप्रकरणं, पानं, एकमेकांना बांधून ठेवायचे. भारतात या पद्धतीवर काम करणाऱ्या संस्थांचा जो मंच आहे तो 'डेझी फोरम ऑफ इंडिया'. हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पण ब्रेल आहे की?

आहे, आणि ज्यांना येतं त्यांच्यासाठी त्याला पर्याय नाही. शुद्धलेखन, गणित, स्वतःच्या हातानं लिहिलेलं परत वाचणं, हे कानानं होत नाही. मराठीत स्वागत थोरात यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक सुरू केलं, तेव्हा बातमी हातानं वाचता येणं म्हणजे काय हे अनेक वाचकांना पहिल्यांदा कळलं.

पण ब्रेल शिकतात बहुतेक ती मुलं, जी अंधशाळेत जातात. साठी-सत्तरीत मधुमेहानं किंवा काचबिंदूनं नजर गेलेल्या माणसाच्या बोटांना ते सहा ठिपके सहसा सापडत नाहीत. आमच्या आज्जीच्या बोटांना पन्नास वर्षांच्या विळ्या-खुरप्यांचे घट्टे आहेत. तिला ब्रेल देणं म्हणजे तिची चेष्टा करणं.

सांगलीतच जन्मलेल्या वि. स. खांडेकरांचं उदाहरण घ्या. मराठीला पहिलं ज्ञानपीठ ज्यांच्यामुळं मिळालं ते खांडेकर. शेवटच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली. तरी वाचन-लेखन सुरू राहिलं, कारण कुणीतरी त्यांना वाचून दाखवत होतं आणि त्यांनी सांगितलेलं लिहून घेत होतं. ते खांडेकर होते म्हणून माणूस मिळाला, असं म्हणता येईल. बाकीच्यांना तो माणूस मिळत नाही, म्हणून बोलकं पुस्तक लागतं.

आणि हा विषय फक्त डोळ्यांचा नाही. पुस्तक धरायला हात लागतात, पान उलटायला बोटं लागतात. पाठीच्या कण्याला मार बसून अंथरुणाला खिळलेला माणूस, सेरेब्रल पाल्सी असलेली मुलगी, स्नायूंच्या आजारानं हात उचलत नाही असा तरुण, अर्धांगवायू झालेले आजोबा. यांचे डोळे धडधाकट आहेत, तरी छापील पुस्तक यांच्यासाठी बंदच. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला अक्षरं दिसतात पण जुळत नाहीत, तोही यातच. या सगळ्यांना मिळून 'छापील मजकूर वाचण्यात अडथळा असलेल्या व्यक्ती' असं म्हणतात. शब्द लांबलचक आहे, पण फायद्याचा आहे. कारण खाली ज्या सोयी सांगणार आहे त्यातल्या बऱ्याचशा या सगळ्यांना लागू होतात, आणि हातापायाचं अपंगत्व असलेल्या बहुतेकांना ते माहीतच नसतं.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यात दृष्टीशी संबंधित सुमारे ५ लाख ७४ हजार आणि हालचालीशी संबंधित सुमारे ५ लाख ४८ हजार. आकडे जुने आहेत, आणि डिस्लेक्सियाला त्या जनगणनेत वेगळा रकानाच नव्हता.

आता मुद्द्याचं: कायदा काय म्हणतो?

'बनगरवाडी' परत हातात घेऊ. पुस्तक १९५५ चं. माडगूळकर गेले २००१ मध्ये. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे या पुस्तकाचा कॉपीराइट २०६१ च्या अखेरपर्यंत आहे. तुम्ही ते पूर्ण वाचून यूट्यूबवर टाकलं तर तो सरळसरळ भंग. वाचक कितीही म्हणोत 'दादा, पुढचा भाग टाका'.

पण २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ५२ मध्ये एक नवी सूट आली. सोप्या भाषेत ती अशी: अपंग व्यक्तीला वाचता यावं म्हणून कोणतीही व्यक्ती कोणत्याही पुस्तकाचं वाचता येईल अशा स्वरूपात रूपांतर करू शकते आणि ते त्या अपंग व्यक्तीला देऊ शकते, तिच्या खासगी वापरासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी. लेखकाची परवानगी लागत नाही. प्रकाशकाची लागत नाही. रॉयल्टी नाही.

म्हणजे नातीनं आज्जीसाठी 'बनगरवाडी' फोनवर रेकॉर्ड करणं पूर्ण कायदेशीर आहे. हे कळलं तेव्हा मला उगाचच मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं.

याच कलमात पुढं संस्थांचा भाग आहे, आणि सगळी मेख तिथं आहे. संस्थांनाही अशी पुस्तकं बनवून अपंग वाचकांना देता येतात. अटी तीन: नफा कमवायचा नाही, फार तर तयार करण्याचा खर्च घ्यायचा. प्रती अपंग व्यक्तींनीच वापरायच्या. आणि त्या बाजारात जाऊ नयेत म्हणून योग्य ती काळजी घ्यायची. आता 'संस्था' म्हणजे कोण? कायद्यानं स्पष्टीकरणात यादीच दिली आहे. अपंगांसाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्था त्यात आहेतच. पण त्याच वाक्याच्या शेवटी सरकारनं मान्यता दिलेली शिक्षणसंस्था, ग्रंथालय आणि अभिलेखागार हेही आहेत.

ग्रंथालय. सरकारनं मान्यता दिलेलं.

आता तुमच्या गावातलं वाचनालय डोळ्यांसमोर आणा. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्याखाली वाचनालयांना मान्यता मिळते, अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणं अनुदान येतं. दारावरच्या पाटीवर 'शासनमान्य' असा शब्द असतो. आपण तो अनुदानाशी जोडतो. पण कलम ५२ शेजारी ठेवून वाचला तर त्याच शब्दानं त्या वाचनालयाला बोलकी पुस्तकं तयार करायचा आणि आपल्या अपंग सभासदांना द्यायचा अधिकार मिळतो. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या जुन्या नगर वाचनालयांपासून एखाद्या वाडीतल्या ड वर्गाच्या एका खोलीपर्यंत.

मी तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयात जाऊन हे विचारलं. नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची एकट्याची नाही. तिथल्या काकांनी चहा पाजला, ऐकून घेतलं आणि कुलूप लावलेल्या कपाटातून ब्रेलची तीन पुस्तकं काढून दाखवली. "ही कधीतरी आली होती. कुणी न्यायला येत नाही." अंध वाचक इथं येतच नाहीत, मग सोय कुणासाठी करायची, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं गणित उलटं आहे. पायऱ्या चढून आत आल्यावर ऐकण्यासारखं काहीच नसेल तर माणूस कशाला येईल? पण तेही प्रामाणिकपणे म्हणाले, कलम ५२ बद्दल त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

जाता जाता: जून २०१३ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेश शहरात याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला. अशा पुस्तकांच्या प्रती एका देशातून दुसऱ्या देशात पाठवता याव्यात म्हणून. २०१४ मध्ये त्याला मंजुरी देणारा जगातला पहिला देश भारत होता. कागदावर आपण अनेकदा पहिले असतो.

मग आत्ता, घरबसल्या काय मिळतं?

सगळ्यात मोठी जागा म्हणजे 'सुगम्य पुस्तकालय'. केंद्र सरकारच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागानं डेझी फोरम ऑफ इंडियाच्या साथीनं ऑगस्ट २०१६ मध्ये हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू केलं. देशभरातल्या संस्थांनी तयार केलेली पुस्तकं एका जागी. पुस्तकं लाखांच्या घरात आहेत, वेगवेगळ्या भारतीय भाषांत. इंग्रजीचा ढीग मोठा, मराठीचा त्या मानानं लहान, हे आधीच सांगते म्हणजे हिरमोड होणार नाही.

गुगलवर हे नाव टाकलं की साइट येते. सभासद होताना अपंगत्वाचा पुरावा जोडावा लागतो. मंजुरी आली की पुस्तक डाउनलोड करून ऐकता येतं, किंवा ब्रेलच्या फाइलमध्ये घेता येतं. फोनवर 'ईझी रीडर' नावाचं ॲप टाकून त्यातून थेट या ग्रंथालयात शिरता येतं. एकदा कुणी लावून दिलं की पुढचं फोनमधला टॉकबॅक सांभाळतो. टॉकबॅक म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासून असलेली सोय, स्क्रीनवर बोट फिरेल तसा फोन बोलतो. पहिले आठ दिवस भयंकर वैताग येतो. एकदा टॅप केलं की नाव सांगतो, दोनदा केलं की उघडतो, हे हातात बसायला वेळ लागतो. आज्जीनं तिसऱ्या दिवशी फोन गादीवर आपटला होता. पाचव्या दिवशी तिनं स्वतः मामाला फोन लावला.

पुरावा म्हणजे अपंगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय. तपासणीचा वार ठरलेला असू शकतो, आधी चौकशी करून जा. नाहीतर जत किंवा माणमधून एसटीनं आलेला माणूस दिवस घालवून तसाच परत जातो.

आणि एक साधी गोष्ट. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दिसत नाही म्हणून लगेच प्रमाणपत्राच्या मागं लागू नका, आधी डोळ्यांचा डॉक्टर गाठा. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशननं नजर परत येते. काचबिंदूत गेलेली येत नाही, पण उरलेली वाचवता येते. आमच्याकडं हे उशिरा कळलं.

स्मार्टफोन नकोच असेल तर डेझी प्लेअर नावाचं छोटं यंत्र मिळतं. मोठी बटणं, प्रत्येक बटण दाबलं की बोलून सांगतं. केंद्राच्या एडीआयपी योजनेत अपंगांना साधनं दिली जातात, त्यात डेझी प्लेअरही आहे. शिबिर लागलं की लोक तीनचाकी आणि कुबड्या मागतात, प्लेअर मागत नाहीत, कारण असं काही असतं हेच माहीत नसतं.

गावपातळीवर आणखी एक दार आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी अपंगांसाठी खर्च करायचा असतो. बहुतेक ठिकाणी तो वर्षअखेरीला थोडा थोडा वाटून संपवतात. ग्रामसभेत लेखी अर्ज देऊन वाचनालयासाठी एक प्लेअर किंवा रेकॉर्डर मागता येईल का, हे विचारायला हरकत नाही. वाचनालयांसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानची योजना आहे, दिव्यांगांसाठी वेगळा कोपरा उभा करायला त्यातून मदत मिळते. अर्ज राज्याच्या ग्रंथालय संचालनालयामार्फत जातो, म्हणजे पहिली पायरी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांचं कार्यालय.

ब्रेलची पुस्तकं पोस्टानं मागवली तर ७ किलोपर्यंतच्या 'अंध साहित्य' पाकिटाला साध्या टपालानं पोस्टेज लागत नाही. ब्रेलचं पुस्तक वजनाला विटेसारखं असतं, त्यामुळं ही सवलत चांगलीच उपयोगी पडते.

मराठीची स्वतःची एक भानगड

आता तुम्ही म्हणाल, फोन बोलतो ना? मग पुस्तकाची पीडीएफ टाकायची आणि फोनकडून वाचून घ्यायचं. रेकॉर्डिंगची झंझट कशाला?

इंग्रजीत हे बऱ्यापैकी जमतं. मराठीत गाडी अडते ती फॉन्टवर. आपली हजारो पुस्तकं युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेली आहेत. पडद्यावर 'माणूस' दिसतं, पण संगणकाच्या पोटात त्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ असतो. अक्षराचं फक्त चित्र मराठी. डोळस माणसाला फरक कळत नाही. स्क्रीन रीडर मात्र पोटातलं वाचतो आणि ऐकणाऱ्याला 'एम, ब्रॅकेट, डॉलर' असलं काहीतरी ऐकू येतं. प्रकाशकानं मोठ्या मनानं फाइल दिली तरी ती कामाची नसते.

दुसरा प्रकार म्हणजे स्कॅन. इंटरनेटवर जुनी मराठी पुस्तकं ढिगानं सापडतात, पण ती पानांचे फोटो असतात. फोटोला आवाज नसतो. फोटोतून अक्षरं ओळखणारी सॉफ्टवेअर आता मराठीतही बरी चालतात, पण रफार, जोडाक्षरं आणि पुसट छपाई आली की अडखळतात. शिवाय यंत्राचा आवाज. चंद्रातला च आणि चोरातला च वेगळा, जन्मातला ज आणि जावयातला ज वेगळा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. यंत्राला लागतं. अभ्यासाच्या पुस्तकाला यंत्राचा आवाज चालून जातो, कथेला खटकतो. माणदेशी बोली यंत्राकडून ऐकून बघा एकदा.

पण नीट केलं तर काय होतं याचा नमुनाही आपल्याच जिल्ह्यात आहे. वाईत. मराठी विश्वकोशाचं काम तिथं तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली उभं राहिलं, पहिला खंड १९७६ चा. आज विश्वकोश ऑनलाइन आहे, युनिकोडमध्ये, फुकट. म्हणजे कोणाही अंध विद्यार्थ्याला फोनवर तो ऐकता येतो. हे काम अंधांसाठी म्हणून झालेलं नाही. मजकूर सगळ्यांसाठी नीट ठेवला, त्यात त्यांचीही सोय झाली.

वाचनालयानं सुरू करायचं म्हटलं तर

खर्चाचा बाऊ नको. एक शांत खोली, एक बरा फोन किंवा साधा मायक्रोफोन, आणि वाचणारी माणसं. निवृत्त शिक्षक, नाटकवाले, डीएडची मुलं. तीनशे पानांच्या पुस्तकाला ९-१० तास लागतात, रोज अर्धा तास वाचलं तर तीन आठवडे. साध्या दर्जाच्या एमपी-थ्रीमध्ये तासाला साधारण १४ एमबी जागा लागते, म्हणजे दहा तासांचं पुस्तक १४४ एमबी. बत्तीस जीबीच्या एका कार्डात दोनशेच्या वर पुस्तकं मावतात. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं भिजून गेली, ते आठवून सांगते, अशा कार्डाची एक प्रत दुसऱ्या गावात ठेवता येते.

वाचताना पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष आधी सांगायचं. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल, नावात क्रमांक. पान बदललं की पान नंबर. अभ्यासाच्या पुस्तकात हे फार महत्त्वाचं. तक्ता दिसला म्हणून उडी मारायची नाही, ओळीनं वाचायचा. आपल्या मनाचं काही घालायचं नाही आणि न आवडलेलं गाळायचं नाही. ओव्हरॲक्टिंग तर नकोच. ऐकणाऱ्याला पुस्तक हवं असतं, तुमचा एकपात्री प्रयोग नको असतो.

मग एक वही. कोणत्या सभासदाला कोणतं पुस्तक दिलं, त्याच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स. फाइल गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही, हे वाचकालाही सांगायचं. कायद्यातली 'योग्य ती काळजी' ती हीच. अंथरुणाला खिळलेल्या वाचकाच्या घरी कार्ड नेऊन द्यायला कुणीतरी लागेल. वाचनालयाच्या पायऱ्यांवर रॅम्प नसेल तर हे काम टळत नाही.

सुरुवात कुठल्या पुस्तकानं करायची असा प्रश्न पडला, तर कॉपीराइट संपलेल्या पुस्तकानं करा, म्हणजे कुणाच्याच मनात धाकधूक नको. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, 'श्यामची आई' २०११ पासून सगळ्यांची आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' त्याच्याही आधीपासून. ही पुस्तकं तुम्ही रेकॉर्ड करून कुणालाही देऊ शकता, डोळस माणसालाही. अण्णाभाऊ साठे मात्र १९६९ मध्ये गेले. त्यांची पुस्तकं २०२९ च्या अखेरपर्यंत कॉपीराइटमध्ये आहेत, म्हणजे 'फकिरा' वाटेगावच्या वाचनालयातल्या अंध सभासदाला आज देता येईल, यूट्यूबला नाही.

आमचं म्हणाल तर 'बनगरवाडी' निम्म्याच्या पुढं गेलीय. मी पुण्यात रात्री रेकॉर्ड करते आणि सकाळी आज्जीला पाठवते, तेवढ्या एकाच नंबरवर. पहिले तीन भाग तिनं परत पाठवले. मागं पंख्याचा आवाज येतोय म्हणाली, बंद करून वाच.